बोटावरचे दोन वेढे

बाबा, तुम्ही समुद्र पाहिला नाही. राजूरच्या खाणीतून सुट्टी मिळाली की तुमचा समुद्र म्हणजे वर्धा नदीचा तो डोह, अन् बोट म्हणजे काठावरचा चपटा गोटा. काठी तुम्ही कधी वापरली नाही. गळाला कणकेची गोळी, अन् दोराचे दोन वेढे उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला. "मासा बोटाले सांगते, डोयाले नाही," तुम्ही म्हणायचे, "चूप बस." मी चूप बसायचो. तुमच्या त्याच बोटावर, मधल्या पेरापाशी, एक पांढरी वळी होती. अंगठी काढल्यावर राहते तशी. काय झालं म्हणून विचारलं तर "बैलाच्या कासऱ्यानं" एवढंच म्हणून तुम्ही पाण्याकडे पाहायचे.

मी पंपाच्या मोटारी बांधतो, हे तुम्ही पाहून गेलात. कोणापाशी शिकलो नाही. जळालेली मोटार उलगडायची, तारेचे वेढे मोजायचे अन् तसेच परत भरायचे. आज दुसऱ्यानं बिघडवलेली मोटार लोक माझ्याकडे आणतात. म्हणून यंदाच्या हिवाळ्यात कोकणात गेलो अन् किनाऱ्यावर 'नवशिक्या कुटुंबांसाठी समुद्रात मासेमारी' अशी पाटी दिसली, तेव्हा नवशिके म्हणजे दुसरे, असंच मी धरून चाललो. तुम्ही न पाहिलेली तुमची नात आता कॉलेजात जाते. तिला मी आदल्या संध्याकाळी खोलीवर शिकवलं. "दोनच वेढे. एकानं सरकते, तिसरा पडला तं सुटत नाही." तुमची सून तेव्हा पिशवीत पानाचा डबा अन् अडकित्ता भरत होती. मी म्हणालो, "समुद्रावर सुपारी कायले?" "तुमच्या माशाले द्याले," ती म्हणाली.

किनारा बारीक झाला तशी बोट थांबवून नांगर टाकला. आमच्याशिवाय आणखी एक कुटुंब होतं, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं. बोटवाल्यानं प्रत्येकाला लाकडी फिरकीवरची तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी दिली, गळाला कोळंबीचा तुकडा लावून दाखवला अन् ओरडून सांगितलं, "दोरी बोटाक गुंडाळू नकात हां!" पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आमच्या नदीवर अशीच पद्धत आहे." तो म्हणाला, "ह्यो दर्या, काका." अन् दुसऱ्या टोकाला इंजिनाकडे गेला. मी पोरीला मान हलवून खूण केली. तिनं वेढे घेतले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. एकदम तिची फिरकी बोटीच्या तळावर आपटली, अन् तिचा हात बोटीच्या काठाबाहेर ताणला गेला. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, सुटत नाही." वेढे दोनच होते, बरोबर होते, तरी मांसात रुतत चालले होते. बोटाचं टोक आधी पांढरं, मग जांभळं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. नदीवर मासा ओढू लागला की तुम्ही काठाकाठानं त्याच्यासंगं चालायचे, दोर आपोआप ढिला व्हायचा. बोटीत चालायचं कुठं? मी खालची तंगूस धरून वर ओढली, माझा तळवा कापला, पण लाटेनं बोट उचलली की सगळी ओढ पुन्हा तिच्या बोटावर. बोटवाला सुरी घेऊन निघाला, मध्ये त्या दुसऱ्या घरची माणसं घाबरून उभी झालेली. "बाबा, बोट कळून नाही राह्यलं मले," पोरगी म्हणाली. हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. तेवढ्यात "सरका!" म्हणून तुमच्या सुनेनं मला बाजूला लोटलं, अडकित्ता काठाबाहेर नेला अन् कच्चकन तंगूस तोडली. काय लागलं होतं ते दिसलंच नाही.  परतताना ती एकदाच म्हणाली, "आता विचारा, सुपारी कायले."

डॉक्टरनं टाके घातले. टाचणी टोचली की कळते का, हे पुढचे कित्येक दिवस मी रोज पाहायचो, अन् एका सकाळी पोरगी "आई गं!" म्हणून ओरडली तेव्हा मी तोंड फिरवून मोरीत गेलो. बोट वाचलं. पट्टी निघाली तेव्हा मधल्या पेरापाशी पांढरी वळी होती. तुमच्या बोटावर होती तशीच. बाबा, आपल्या घरी बैल कधी होता? तुमचं आयुष्य खाणीत गेलं. नदीनंच कापलं होतं ना तुम्हाला? तेवढं एक वाक्य मला सांगितलं असतं तर! दोन दिवस मी तुमच्या फोटोकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारचे काका दारात आले. "पोरीच्या बोटाले काय झालं गा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दारात सापडलं." ते गेल्यावर पोरगी म्हणाली, "दार कायले सांगता, बाबा? मी तं सगळ्याईले समुद्रच सांगून राह्यली."  तिचं ते ऐकून काही दिवसांनी, आज तुम्हाला लिहायला बसलो. हा कागद जाणार कुठंच नाही, दुकानाच्या खणात तारांखाली राहील. तुमच्या फोटोची काच मात्र आज पुसली. काका रोज दुकानावरून जातात, थांबतात, पोरीची विचारपूस करतात. दाराचं सांगितलेलं मी अजून दुरुस्त केलं नाही.