म्हशीचं कॅल्शियम

प्रिय उजे,

फोन केला नाही म्हणून फुगू नको. तुझा फोन आला की माय फोनले कान लावून बसते, तिच्यासमोर हे बोलता येत नाही. चौथी शिकलेलीचं अक्षर आहे, लागेल तसं वाच.

मायले परवा अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. तुले उलट्या झाल्या एवढंच सांगितलं होतं. खरं वेगळंच आहे. दिवाळीनंतर आमची म्हैस व्याली आन् बसली ते उठेचना. ढोराच्या डॉक्टरनं शिरेतून कॅल्शियम सोडलं, थोड्या वेळात म्हैस उभी! वरून पाजायले एक मोठी बाटली देऊन गेला. माय दुखरे गुडघे धरून ओट्यावर बसून पाहत होती. म्हणे, एवढं मोठं जनावर उठते, मंग मी काहून नाही? आमाले वाटलं म्हातारी गंमत करून राह्यली.

ते बाटली म्हशीपेक्षा मायच्याच पोटात जास्त गेली. चहाच्या कपात ओतून, चोरून. एक सरली तर शेजारच्या पोराकडून दुसरी आणवली. त्यावर तू पुण्याहून पाठवतेस त्या कॅल्शियमच्या गोळ्या, एकीच्या जागी मूठभर. आधी नुसती तहान, माठच्या माठ रिकामा. मंग संडास बंद, पोटात कळा, उलट्या. एक दिवस मलेच, पोटच्या पोरीले, विचारते, बाई, तू कोणाची? मी खेकसले, सोंगं करू नको म्हणून. सोंग नव्हतं ते. डॉक्टर म्हणाला, रक्तात कॅल्शियम फार झालं, त्यानं किडन्या गेल्या. हाडाले चांगलं म्हणून कितीही खायचं नसते, एवढं साधं कोणी आमाले सांगितलं नाही. आता डॉक्टर मशीनवर रक्त धुवा म्हणते, आन् माय अकोल्याचं नाव काढू देत नाही.

म्हशीची बाटली मी उकिरड्यात फेकली. तुझी गोळ्यांची डबी मात्र ती सोडत नाही. उशीखाली ठेवते. हिसकायले गेले तर माझ्या हाताले चावली. म्हणे, उजीनं पाठवली, ते वाईट कायले असंल?

काल तिचे पाय चोळत होते, तवा तिनं सांगितलं. तू मायले म्हणाली होतीस ना, माझ्या घराले तीन जिने आहेत, गुडघे बरे झाले की तुले घेऊन जाते? तू बोलून मोकळी झालीस. म्हातारी तवापासून ओट्याची पायरी धरून चढउतर करून राह्यली होती. गोळ्याही त्याच्याचसाठी. जास्त खाल्ल्या की लवकर जाता येईल.

तुले बोल लावायले लिहीत नाही, तेवढा वेळच नाही. तू ये. ते डबी तुझ्याच हातानं काढून घे, माझ्या हातानं ती देणार नाही. आन् तिले सांग, जिने चढायचं काम नाही, मीच इथं राहायले आले. खोटं असलं तरी चालंल. मेडशीच्या फाट्यावर उतर, मी उभी राहते.

तुझीच, रागावलेली तरी तुझीच,
हेमला