रशियन बाईची शेवटची मॅच

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायला हवं. आमच्या घरात टेनिसमधलं कुणाला काही कळत नाही. कोल्हापूरच्या क्लबवर तुम्ही दिवसभर इतरांच्या मुलींना शिकवायचात आणि उरलेल्या उजेडात मला. "कोपर! कोपर कुठं निघालंय तुझं?" असं चारही कोर्टांना ऐकू जाईल इतकं ओरडायचात. चौदाव्या वर्षी मी रॅकेट कायमची ठेवली, आणि महिनाभर आपण फक्त "मीठ दे"पुरतं बोललो.

गेल्या ऑगस्टमध्ये मी इथे कॅनडात, माँट्रियलच्या टेनिस स्पर्धेत व्हॉलंटियर ड्रायव्हर झाले. वाट्याला आली एक रशियन खेळाडू, बत्तीस वर्षांची, खांद्याला पट्ट्या. पहिल्याच दिवशी पुलावर माझी लेन चुकली आणि आम्ही थेट ब्रॉसार्डला, माझ्याच घराकडे निघालो. ती शांतपणे म्हणाली, "एकोणिसाव्या वर्षी मी मोठ्या स्पर्धेच्या सेमीफायनलला पोचले. तेव्हा रस्ता माहीत असलेले ड्रायव्हर द्यायचे. मग खांद्याचं ऑपरेशन झालं, रँकिंग घसरलं. आता तू." मला इतकं हसू आलं की पुढचा एक्झिटही हुकला.

पात्रता फेरीच्या पहिल्याच मॅचमध्ये ती हरली. गाडीत बसून बूट काढत म्हणाली, "संपलं. ही शेवटची." मी म्हटलं, "माझे वडील टेनिस शिकवायचे." सांत्वन म्हणून याहून बावळट वाक्य नसेल. पण ती एकदम वळली. "मग उद्या माझ्याशी खेळ. फ्लाइट संध्याकाळी आहे. मी आजवर कधी उगाच म्हणून खेळलेच नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या घराजवळच्या पब्लिक कोर्टवर ती उजव्या हाताची असून डाव्या हातानं खेळते आहे, मी योगाच्या पँटमध्ये धापा टाकते आहे, आणि तरीही हरते आहे. मध्येच ती थांबते, आजूबाजूला बघते आणि मुद्दाम एक चेंडू कुंपणापलीकडं भिरकावते. पलीकडं कुणाचं तरी बार्बेक्यू चालू असतं. फ्रेंचमध्ये शिव्या येतात. "सहा वर्षांची असल्यापासून करायचं होतं हे!" म्हणत ती हसतहसत खालीच बसते.

मग तिनं विचारलं, "तू का सोडलंस?"

"खांदा दुखायचा," मी म्हटलं. ती केवढी हळहळली! बॅगेतून आपली एक पट्टी काढून तिनं स्वतः माझ्या खांद्याला लावली.

हे पत्र मी कुठं पाठवणार आहे? पण एक सांगून टाकते. माझा खांदा कधीच दुखला नाही, बाबा. तुम्ही "शाब्बास" फक्त क्लबवरच्या त्या मुलींना म्हणायचात.