दसऱ्याची फियाट

खोपट, ठाणे
८ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
साईनाथचा सा. न. वि. वि.

आज सकाळी सात वाजता माझ्यावर घोर अन्याय झाला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी धनेशराव यांनी माझ्या फियाटच्या पुढच्या काचेवर नोटीस डकवली. डकवली तर डकवली, पण सुताराच्या गोंदाने! तीन बादल्या पाणी आणि बायकोचं उलथनं खर्ची पडलं, तरी 'भंगार' हा शब्द काचेला चिकटून आहेच. पंधरा दिवसांत हलवा, नाहीतर उचलून नेऊ, असा हुकूम आहे.

याच धनेशरावांच्या मोबाइलवर पांढऱ्या ॲम्बॅसेडरचा फोटो आहे, बरं का. त्यांचे मामा कुठल्याशा खात्यात साहेब होते. ते तसल्या गाडीतून आले की म्हणे अख्खी गल्ली उठून उभी राहायची. आमच्या चिरंजीवांना, आर्यनला, विचारलं तर तो म्हणतो, गाडी म्हणजे ओम्नी. शाळेच्या ओम्नीत उलटं बसून मागच्या रिक्षावाल्यांना जीभ दाखवता यायची ना! ज्या सीटवरून आपले पाय खाली टेकत नव्हते, ती प्रत्येकाची गाडी.

माझी म्हणजे अप्पांच्या डॉक्टरांची फियाट. कल्याणची चाळ, ऐंशी सालचा दसरा, बॉनेटवर झेंडूची माळ. डॉक्टरांनी खुशीने गाडी दिलेली आणि आपले ड्रायव्हर अप्पा त्या दिवशी मालकाच्या ऐटीत पोरांना पारनाक्यापर्यंत फेरी मारून आणतायत. मी सहा वर्षांचा होतो. अजून त्या सीटचा वास नाकात आहे. म्हणून तर दोन वर्षांपूर्वी तसलीच गाडी शोधून घेतली.

तर विनंती अशी, की तुझ्या घराशेजारी मोकळी जागा आहे, तिथे ती ठेवू दे. फोनवर तू 'बघू' म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर निदान गाडीवर कर.

तुझा,
साईनाथ


डोंबिवली
१४ फेब्रुवारी २०२६

चि. साईनाथ यास,
कलावतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. एका कागदाच्या चिटोऱ्यासाठी एवढा शंख! तुझी गाडी माझ्या दाराशी नको. जागा आहे, पण देणार नाही. कारण ऐक, आणि एकदाच ऐक.

डॉक्टरांनी गाडी खुशीने दिली नव्हती. पूजा करून पेट्रोल भरून आणायला दिली होती. अप्पांनी ती चाळीत आणली. आदल्या दिवशी सगळ्या पोरांसमोर तू त्यांना विचारलं होतंस, की आपली गाडी कधी येणार. चार-चार पोरं आत बसायची. सीट मळू नये म्हणून चपला बाहेर काढायला लावायचे, आणि त्या चपला सांभाळत मी उभी. तुझ्याही. मी तेरा वर्षांची होते. अप्पा म्हणाले, तू मोठी आहेस, तू शेवटी.

माझी पाळी आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांचा मेहुणा उभा होता. त्याने सगळ्यांसमोर अप्पांच्या हातातून किल्ली काढून घेतली. नोकरी तिथेच गेली. पुढचे आठ महिने अप्पांनी बाजारात बटाट्याची पोती उचलली. तुला वाटायचं, अप्पा व्यापारी झाले!

अप्पांनी मला बजावलं होतं, साईनाथला सांगायचं नाही, त्याची फेरी खराब होईल. सेहेचाळीस वर्षं नाही सांगितलं. पण आता तू ती फेरीच माझ्या अंगणात आणून उभी करायला निघालास. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना मला तो मेहुणा दिसायला नको.

राग धर, पण जेवायला येत जा.

तुझी,
ताई


खोपट, ठाणे
१९ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खाली जाऊन गाडीत बसलो. तासभर बसलो. मग बायको शोधत आली आणि काही न विचारता शेजारी बसली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिने काही विचारलं नाही असा हा पहिलाच प्रसंग.

आधी वाटलं, देऊन टाकावी भंगारात. भंगारवाल्याचा नंबरही लावला. त्याने पलीकडून विचारलं, किल्ली आहे का? तेव्हा फोन ठेवला. अप्पांच्या घराण्यातली किल्ली लोकांसमोर एकदा काढून घेतली गेली, तेवढं पुरे. मी आपणहून कुणाच्या हातात देणार नाही. धनेशरावांच्या नाही, त्यांच्या मामांच्याही नाही.

सोसायटीचा नियम काढून वाचला. बंद पडलेलं वाहन ठेवायचं नाही, असं लिहिलंय. जुनं वाहन ठेवायचं नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. कल्याणच्या सहदेव मिस्त्रींना बोलावून नवी बॅटरी घातली, कार्बोरेटर उघडून साफ केला. काल संध्याकाळी मीटिंग चालू असताना गाडी सुरू करून तीन वेळा आवाराला वळसा घातला. कागदपत्रं चोख आहेत, ती सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवून आलो. धनेशराव धुरात खोकत होते, पण हळूच विचारत होते, ॲम्बॅसेडरचे पार्ट सहदेवकडे मिळतात का?

तेव्हा तुझी जागा मला नको. मागितली, ते चुकलं.

१ मार्चला, रविवारी सकाळी सातला मी गाडी घेऊन तुझ्या घरासमोर उभा असेन. तू मागे बसायचंस, एकटी. आपण कल्याणला जायचं, जुन्या गल्लीतून पारनाक्यापर्यंत आणि परत. डॉक्टरांच्या घराच्या जागी आता टॉवर आहे. त्याच्या फाटकावरूनही सावकाश जायचं. नको म्हणालीस तरी मी तिथेच उभा राहीन, रस्ता अडवून, सगळी डोंबिवली शिव्या घालेपर्यंत.

आशीर्वाद आहेतच, तेवढे हातात घेऊन बाहेर ये.

तुझा,
साईनाथ

ता. क. मागचं दार आतून उघडत नाही. धडपड करू नकोस. मी उतरून बाहेरून उघडीन.