सत्तावीस नंबरची चाल आणि माझा ऑर्गन

मी, खाली सही करणारा, वय छप्पन्न वर्षे पाच महिने, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, धर्म कॅथलिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. मशीन उघडण्याआधी मीही गिऱ्हाइकाला तेच सांगतो, म्हणून हा कागद.

१. राहते घर, दुकान व बँकेतली ठेव माझ्या पत्नीस. दुकानातल्या सुयांच्या डब्या नंबरवार लावलेल्या आहेत, त्या तिने 'आवरू' नयेत.

२. शेजारच्या चष्मेवाल्यांना माझा सर्वांत बारीक स्क्रू ड्रायव्हर द्यावा असे लिहिणार होतो. तो चार वर्षे त्यांच्याकडेच आहे. परंतु ते या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने कायद्याने त्यांना यातून काही घेता येत नाही. तरी तो परत आणून द्यावा.

३. चर्चच्या माळ्यावरचा, पायांनी भाता चालवायचा ऑर्गन माझ्या खाजगी मालकीचा आहे. एकवीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या फादरांनी तो उंदरांसकट मला देऊन टाकला. त्यांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. भात्याचे चामडे मी बदलले, पायट्यांना शिलाई मशीनचे पट्टे लावले, एकसष्ट पट्ट्यांपैकी सत्तावन्न बोलत्या केल्या. वाजवायलाही मीच स्वतःला शिकवले, चर्चच्या कपाटात सापडलेल्या एका जाड पुस्तकावरून. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली अकरा पाने नव्हती आणि मजकूर परक्या भाषेत होता. पण सूर वाचायला मी दुसऱ्या पुस्तकावरून शिकलो होतो. चर्चच्या कपाटातले म्हणजे पवित्रच, असे मी धरून चाललो. त्यातली सत्तावीस नंबरची चाल लोक ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत येतात तेव्हा मी वाजवतो. अतिशय सावकाश.

४. माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, इलेक्ट्रिशियन आहे आणि चर्चच्या तरुण गायकांचा म्होरक्या. त्याने मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, आधी एक गिटार आणली, मग दुसरी, मग ड्रम. माझ्या ऑर्गनला तो पेटी म्हणतो.

"भाऊजी, गाताना लोकांनी टाळी वाजवली तर देव रागावेल का?"

"देव नाही रागावणार. मी रागावेन."

"मग अर्ज तुमच्याकडेच करतो."

गेल्या वर्षी मी सात पानी निवेदन लिहून चर्चचा कारभार पाहणाऱ्या पॅरिश कौन्सिलसमोर उभ्याने वाचले. ज्या चालीवर पाऊल थिरकते तिची जागा वेदीसमोर नाही, आणि पवित्र संगीत म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर सत्तावीस नंबर ऐकावा, असे त्यात दोनदा लिहिले होते. मेहुणा समोरच बसला होता. मान खाली घालून वायरीचा एक तुकडा सोलत राहिला. मी त्याला निरुत्तर केले असे समजलो. कौन्सिलने ठरवले, मी आहे तोवर एक रविवार ऑर्गनचा, एक गिटारचा. माझ्यानंतर ऑर्गन काढून माळा ड्रम आणि स्पीकरला द्यायचा. म्हणजे सोमवारी काही कमीजास्त झाले तर ऑर्गन भंगारात.

५. हे कलम लिहावे की नाही यावर दोन दिवस गेले. मागच्या महिन्यात परदेशातून एक वयस्क फादर पाहुणे आले होते. मिस्सा संपल्यावर डोळे पुसत माळा चढून आले. मला वाटले, भक्तीने भरून आले. ते हसत होते. सत्तावीस नंबर ही त्यांच्या गावची लग्नातली चाल, सासूबाईंना नाचवायची. शेवटी सगळे टेबलांवर चढतात म्हणे. इतकी सावकाश त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. पुस्तक चाळून त्यांनी सांगितले की आतल्या चाळीसही चाली नाचाच्याच आहेत.

घरी येऊन दार लावले आणि पत्नीला सांगितले.

"त्याला माहीत आहे," ती म्हणाली.

"कोणाला?"

"माझ्या भावाला. सहा वर्षं झाली. कुठल्याशा रेकॉर्डवर ऐकली त्याने."

"मग कौन्सिलमध्ये बोलला का नाही?"

"मीच म्हटलं होतं, सांगून टाक, एकदाचं भांडण मिटेल. तर म्हणतो, ताई, आई जायच्या आधीच्या रविवारी त्याच चालीवर डोळे मिटून बसली होती. आता ती नाचाची राहिलेली नाही."

मी सात पाने लिहिली. त्याला एक वाक्य पुरले असते, आणि ते त्याने गिळले.

६. सबब, वर वर्णन केलेला ऑर्गन मी माझ्या मेहुण्यास देत आहे. तरुण मंडळी त्याचे ऐकतात, त्यामुळे तो नको म्हणाला तर माळा रिकामा होणार नाही. अटी अशा: तेल शिलाई मशीनचेच घालावे. भाता दोन्ही पायांनी सारखा चालवावा. त्याचा डावा पाय ठेका धरतो, तो आवरावा. ड्रम माळ्यावर राहू शकतात, ऑर्गनपासून दोन हात अंतरावर. हात माझा धरावा, त्याचा आखूड आहे. निदान पहिले वर्षभर पेटी म्हणू नये.

माझे निवेदन कौन्सिलच्या फायलीतून काढावे. पाने पाठकोरी आहेत, तरुणांना गाणी उतरवून घ्यायला चालतील.

७. माझ्या अंत्यविधीच्या मिस्सात सत्तावीस नंबर वाजवावा, माझ्या वेगाने. गिटार चालेल, एक. मला चर्चच्या उंबरठ्याबाहेर नेले की मेहुण्याने ती चाल तिच्या खऱ्या वेगाने वाजवावी. चर्च रिकामे असताना मी तीनदा प्रयत्न केला, पाय पुरले नाहीत. त्या वेळी कोणी टाळी वाजवल्यास माझी हरकत नाही.

८. या सर्वाची अंमलबजावणी माझ्या पत्नीने करावी.

येथे नोंदवतो की, आत काय लिहिले आहे हे न विचारता मेहुणा साक्षीदार म्हणून सही करायला पेन काढून उभा राहिला होता. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेत नाहीत, म्हणून घेतली नाही. कारण विचारले तेव्हा मी, तुझे अक्षर वाईट आहे, असे सांगितले.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: १४, गुरुवार, सकाळी साडेअकरा

(सही) मृत्युपत्र करणार

आमच्यासमोर सही केली:
१. (सही) शेजारचे चष्मेवाले. स्क्रू ड्रायव्हर आजच परत केला.
२. (सही) डॉक्टर. ऑपरेशन खरोखरच किरकोळ आहे.