धावत्या गाडीत उडी घेणारी मुलगी

शुक्रवार, १९ फेब्रुवारी २०२१, टॅला

आज व्हिडिओ कॉलवर ऑर्लाला चक्क नाही म्हणाले. आपल्या गाइडला!

तिचंही खोटं नव्हतं. लॉकडाऊनमुळे फिल्मसंग्रह बंद, प्रबंध जूनमध्ये द्यायचाय. "विषय बदल, यू'ल बी ग्रँड," म्हणाली, म्हणजे आयरिश थाटात 'सगळं छान होईल'. तेवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण पुढे म्हणते, "मूक वेस्टर्न सिनेमांमध्ये साहस हीरोचं, हिरॉइन फक्त प्रेमापुरती. नवीन काय सांगणार?"

मी स्क्रीनच शेअर केली. इंटरनेटवर मिळालेली, ओरखड्यांनी भरलेली अकरा मिनिटांची फिल्म. दरोडेखोरांनी हीरोला बांधून घोडागाडीत टाकलंय आणि पोस्टमास्तरची मुलगी घोडा पिटाळत मागे येते. धावत्या गाडीत उडी मारण्याआधी ती लगाम दातात धरते आणि दोन्ही हातांनी स्कर्ट कमरेला खोचते. हीरोला सोडवते, तर तोच लाजून खाली बघतो.

"ते खोचणं परत दाखव," ऑर्ला म्हणाली. तीनदा बघितलं आम्ही.

मी म्हटलं, "सुरुवातीच्या नावांच्या पाटीवर हीरोचं नाव आहे, ही नुसती 'मुलगी'. मला हिच्यावरच लिहायचंय. घरबसल्या पाच-सहा फिल्म्स मिळतात, तेवढ्यांवर लिहीन. विषय बदलणार नाही."

एवढं ठाम मी कधी बोलले होते? तेही तिच्याशी?

ऑर्ला चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "सोमवारी पहिलं प्रकरण पाठव. आणि रडत येऊ नकोस."

सोमवार! म्हणजे तीनच दिवस. जमेल? जमवायचंच. पहिलं वाक्य आत्ताच लिहून टाकलं: 'ही मुलगी कुणाची वाट बघत थांबत नाही.'