म्हैस विणार २०७५ साली

कन्हेरी, १७ जाने. ९९
म्हैस माझी, आन हसं बी माझंच. धाकट्याची पोर सुजी बारामतीला कॉम्प्युटर शिकती. आज बळंच क्लासात नेलं. "आज्जे, चंद्री कधी विणार ते यंत्र सांगंल." चंद्री रेड्याकडं नेऊन भरवली गेल्या २८ मार्चला. म्हशीचे दिवस ३१०. बटणं बडवली. काचंवर आलं, २ सप्टेंबर २०७५.
पोरं फिदीफिदी. म्हणलं, "मग धार तुमीच काढा, माझ्यानं तवर थांबवणार न्हाय."

१८ जाने.
सुजी म्हणती चूक तिची. खोक्यात टाकलेला २८ यंत्राला आकडा वाटलाच न्हाय, नुसती अक्षरं. त्यानं मिळवणी केली न्हाय, २८ च्या शेजारी ३१० चिकटवले. झाले २८३१०. मग १ मार्चापास्नं तेवढे दिवस मोजत सुटलं. जावास्क्रिप्ट का कायशी यंत्राची भाषा, तिची ही खोड.
हसले. मग हसू थांबलं. सत्त्याहत्तर वर्सं! तिसाचे महिने, एकतिसाचे, चार वर्सांनी येणारी २९ फेब्रुवारी, सगळं ओलांडून पापणी लवायच्या आत तिथं. ना दमलं, ना "आवं, म्हैस एवढी थांबती व्हय" म्हणलं.

२० जाने.
सुजीनं आधी त्याला बजावलं, हा आकडा हाय. मग मिळवायला लावलं. आता म्हणतं १ फेब्रुवारी.
माझ्या हिशेबानं २७ ला. आवसंला भरवलेली, दहा महिने दहा दिस. "आज्जे, तुझा महिना चंद्राचा, आखूड पडतो." लई शानी.
पण थोरल्या लेकीनं, शालननं, सांगावा धाडलाय. तिच्या नातवाचं बारसं, वरकुट्याला, २८ ला. मागल्या खेपंला मी लग्नाला गेले, घरात कोण न्हाय, रेडकू अडकून मेलं. चंद्री तीन दिस हंबरत व्हती. आता जायाचं कसं?

२७ जाने.
दिसभर गोठ्यात. चंद्री निवांत रवंथ करती. कास सुदिक भरली न्हाय. माझा चंद्र हरला. उद्या जाते. यंत्राच्या भरवशावर. मी!

२८ जाने., वरकुटे
पोर मांडीवर घेतलं. मूठभर जीव. मनात आलं, २०७५ ला ह्ये शहात्तर वर्सांचं, माझ्यापरीस म्हातारं. २ सप्टेंबरला सकाळी उठून चहा पिईल. चुकून निघालेली तारीख, पण ती खरंच तिथं हाय. शालन म्हणली, "आई, कसला इचार करती?" म्हणलं, "त्याच्या आईकडं दे, दूध पाजू दे."

३१ जाने., कन्हेरी
कालच आले. कास टच्च भरलीय, शेपटाखाली खड्डे पडल्यात, विणं जवळ आल्याची खूण. पोटातल्या रेडकाला तारीख कुणी सांगितली? आन यंत्राला? त्याला तर सुजीनं.
उद्या कुणी घर सोडायचं न्हाय. सुजीनं क्लास बुडवायचा, गोठ्यात बसायचं. रेडकाला काय झालं तर जाब तिनंच द्यायचा. यंत्राकडं बोट दाखवलेलं मी ऐकून घेणार न्हाय.