आंदणाची गाय

चि. मुक्ताबाईस आप्पांचा आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. सरकार दुष्काळात गुरांच्या चाऱ्याला मदत देते, म्हणून माझ्याच गोठ्यात राहिलेली तुझी ढवळी घेऊन तिसगावला गेलो. कारकुनाने विचारले, "बाबा, गाय कोणाची?"

"लेकीची. आंदण दिलीय."

"मग मालकिणीला आणा," म्हणाला. मागचे लोक हसले, "आरं आप्पा, माझी म्हनायचं हुतं की!"

एकदा दिलेली गाय माझी कशी म्हणू? आता ढवळी उठत नाही. मी कडुनिंबाचा पाला भरवतो. दिलेले परत मागतो असे तुझ्या सासरी वाटेल, म्हणून पत्र टाकायचा धीर होत नव्हता. तरी पोरी, 'गाय आप्पांचीच' एवढे लिहून लवकर पाठव. ती आहे तोवर.

तुझा,
आप्पा